माय म्हणजे पाणी

१२ जाने. ८३
आपांकडे अरबीचा पहिला दिवस. कुवेतच्या हॉस्पिटलात नर्स पाहिजेत, अरबी येणारीला आधी घेतात. आपा तिकडे संसार करून आल्यात, आता वाशीत हॉलमध्येच क्लास. पुस्तकं बाहेर ठेवायला लावली. व्याकरण नाही, मराठी नाही. ग्लासात पाणी ओतत राहिल्या. "माय. माय."
शिरवण्याचा बाळाराम वायरमन, त्यालाही कुवेतलाच जायचंय. तो म्हणे, "आपा, ही आई हाय का पानी?"
हसून हसून...

३० जाने.
आज नुसती टेप. कुठलातरी बाजार, बायकांची घासाघीस, भांड्यांचे आवाज. काही कळत नाही, तरी ऐकायचं. आपा म्हणतात, "लेकरू पण आधी ऐकतंच ना गो?"
डोळे मिटले. खाडीवरचा वारा आत येत होता. वाटलं, हे सगळं जन्माआधी कधीतरी ऐकलंय.

१९ फेब्रु.
बाळाराम पेशंट, मी नर्स. 'कुठे दुखतंय' पुस्तकातल्यासारखं विचारलं, "ऐनल अलम?" आपांनी थांबवलं. "असा तिथं रेडिओ बोलतो. माणूस बोलतो, वेन यअव्रिक?"
बाळाराम इतका खरा कण्हला की मी नाडीच धरली.

१६ मार्च
आमच्या वॉर्डात उपचाराला आलेली अरब म्हातारी. सकाळपासून रडतेय, कोणाला हात लावू देईना. जवळ जाऊन विचारलं, कुठे दुखतंय. तिच्या भाषेत. रडणं थांबलं. माझा हात घेऊन पोटावर ठेवला, उजवीकडे. डॉ.ना लगेच बोलावलं.
नंतर कितीतरी वेळ बोलत होती. 'बिंती', माझी लेक, एवढंच कळलं. बाकी धुक्यातून आल्यासारखं. मी मान हलवत राहिले. कशाकशाला हो म्हटलं, कोण जाणे.

७ एप्रिल
निवड झाली. दोन वर्षं. लेकीला, मीनूला नेता येणार नाही.
हे म्हणाले, "जा तू. मी आहे, आई आहे." मग उठून मीनूचं पांघरूण नीट केलं.
पहाटे स्वप्न. खाडी आटलेली, लांबवर पांढरी मिठागरं. मीनू अरबीत काहीतरी मागतेय आणि मला एक शब्दही कळेना...

१० एप्रिल
उद्या हो-नाही कळवायचं. मीनू आज सोडेचना, क्लासला सोबत नेलं. आपांनी तिला खिडकीपाशी उभं केलं, मला दारात. तिच्या कानात काहीतरी सांगितलं.
मीनूने दोन्ही हात पसरले. "तआली! तआली!"
'ये' म्हणतेय. मला कळलं. तरी चौकट धरून तिथेच उभी राहिले.
आपा हळूच म्हणाल्या, "समजलं ना? मग जा." मीनूकडे, की कुवेतला?