डावा कान, उजवा गुडघा

३ मार्च, मंगळवार
रोजनिशी, माफ कर. चार महिने तुला हात लावला नाही. कारण शोधलं तर सापडेल, पण कारणं शोधायची सवयच सोडायचं ठरवलंय. यापुढे रोज दहा ओळी. फक्त खरं.

आजचं खरं: थकवा. आमच्या प्रयोगशाळेत शरीराचे भाग वाढवतात म्हटलं की लोक डोळे विस्फारतात. प्रत्यक्षात मी लेबलं लावतो. शीतपेटीत कूर्चेच्या पेशींच्या बाटल्या. वरचा कप्पा गुडघ्यांचा, खालचा कानांचा. एकोणीस वर्षांत एक चूक नाही. म्हणून तर गुडघेदुखीने बेजार झालेल्या दादाला मीच आग्रहाने इथे आणलं. पहिलं इंजेक्शन जानेवारीत झालं, दुसरं येत्या वीस तारखेला आहे. पहिल्या वेळी बाटलीवर माझं अक्षर दिसलं तसा तो डोळे मिटून निवांत पडला.

५ मार्च
वहिनींचा फोन. भावजी, यांच्या गुडघ्यावर काहीतरी उगवलंय म्हणाल्या. सूज असेल, असं मी अनुभवाने सांगितलं. त्यांनी विचारलं, सुजेला मधोमध भोक असतं का?

६ मार्च
जाऊन पाहिलं. कान आहे. डावा. उजव्या गुडघ्यावर, जरा बाहेरच्या अंगाला. घडण उत्तम. दादा म्हणाला, बाबांच्या वळणावर गेलाय. वहिनी म्हणाल्या, आजवर या घरात भिंतींना कान होते, आता गुडघ्यालाही. बाईमाणसाने बोलायचं कुठे?

दादा मला एवढंच म्हणाला, "बाटली तू तपासली होतीस ना? मग झालं तर."
जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा वाढलेलंही थोडं टाकलं.

७ मार्च, शनिवार
जानेवारीचा तक्ता काढला. त्या आठवड्यात सफाईसाठी कप्पे रिकामे केले होते आणि परत लावताना खालचं वर, वरचं खाली झालं. मी लेबलं आदल्या शुक्रवारी लिहून ठेवलेली. सवयीने वरच्या कप्प्याला गुडघ्याची लावली.

अशा वेळी पकडायला दुसरी सही असते. बाटली पाहून दोघांनी सही करायची, असा नियम. दुसरी सही माझ्या सहकारिणीची, शिक्क्याची. (पर्समध्ये कायम रबरी शिक्का असतो, म्हणून तिचं नाव शिक्का.) पण दर शुक्रवारी दुपारी आम्ही पुढच्या आठवड्याच्या कोऱ्या तक्त्यांवर एकमेकांसाठी सह्या करून ठेवतो. वेळ वाचतो. आजवर याला मी शिस्त समजत होतो.

निश्चय: सोमवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना लेखी कळवणे. परिणाम काहीही होवो.

९ मार्च, सोमवार
पत्र लिहायला घेतलं. ‘माझ्याकडून चुकीची लेबले लावली गेली’ की ‘मी लावली’? पहिल्यात पळवाट आहे, दुसऱ्यात मीपणा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हाच विचार.

शिक्का डोकावून म्हणाली, "सर, राजीनामा लिहिताय की मृत्युपत्र?" सांगितलं. ती खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, त्या तक्त्यावर माझीही सही आहे हं. खरं आहे. दुसऱ्याला न विचारता त्याला खड्ड्यात ओढणं नीतीत बसतं का? यावर विचार करायला हवा. पत्र उद्या.

१२ मार्च
पत्राचा पाचवा मसुदा. समास नीट आला. बायकोने वाचून विचारलं, ही कबुली आहे की निबंध? तिला म्हटलं, घाईत सांगितलेलं सत्य अर्धं असतं. ती म्हणाली, आणि न सांगितलेलं?
तिला लेखनातलं फारसं कळत नाही.

१६ मार्च, सोमवार
इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना सहज म्हणून विचारलं. म्हणाले, आता छोट्या शस्त्रक्रियेत निघेल. पण दुसऱ्या इंजेक्शनने जे असेल ते पोसलं जाईल. मग मुळं सांध्यात जातील आणि गुडघाच काढावा लागेल.

म्हणजे चार दिवस.

दुपारी मॅडमनी बोलावलं. सांगायला तोंड उघडलं तोच त्या म्हणाल्या, डॉक्टरांकडून कानाचं कळलं, चौकशी करायचीय, तुमच्याइतका काटेकोर माणूस इथे दुसरा नाही. नाही म्हणवेना. शिवाय चौकशी माझ्याच हाती असेल तर सत्य बाहेर येण्याची शक्यता वाढते.

१८ मार्च
चौकशी पूर्ण. तक्ता पाहिला. दोन्ही सह्या जागेवर, तारखा बरोबर. अहवालात ‘त्रुटी आढळली नाही’ लिहावं लागलं, कारण कागदावर ती नाहीच. त्यामुळे वीसचं इंजेक्शन कायम. मनात त्याला मी अंतरिम अहवाल म्हणतो.

१९ मार्च
दादाकडे गेलो. आज सांगायचंच. दादा जेवून आरामखुर्चीत झोपलेला, पाय स्टुलावर, पायजमा वर सरकवलेला. उठवणं जिवावर आलं. मग खाली बसलो आणि कानाजवळ तोंड नेऊन सगळं सांगितलं. कप्पे, लेबलं, शुक्रवारच्या सह्या, अहवाल. उद्याचं इंजेक्शन घेऊ नकोस, हेही. शब्द स्पष्ट होते.

कान दादाचाच आहे. म्हणजे दादाच्या कानावर घातलं. खूप दिवसांनी हलकं वाटलं.

२० मार्च, शुक्रवार
साडेदहालाच इंजेक्शनच्या खोलीबाहेर उभा राहिलो. खिशात पत्र, मसुदा नववा. दादा दिसला की द्यायचं. अकरा वाजले. साडेअकरा. दादा आलाच नाही.

वहिनींना फोन केला. दादाला पहाटेच दुसऱ्या इस्पितळात नेलं होतं. कान निघाला, गुडघा वाचला. म्हणाल्या, "काल गुडघ्याशी बोलत होतात ना भावजी, तेव्हा मी चहा घेऊन मागे उभी होते. चहा गार झाला, तुमचं संपेना."

विचारलं, दादा काय म्हणाला? म्हणाल्या, यांनी मला बजावलंय, ‘त्याला कळू देऊ नकोस की मला कळलंय. येईल आणि स्वतः सांगेल.’ लहानपणी शेजारच्यांची काच फोडली होतीत, तेव्हाही म्हणे हे दोन वर्षं थांबले होते.

भेटायची वेळ चार ते सहा. निघणारच होतो, पण शुक्रवार. शिक्का पुढच्या आठवड्याचे कोरे तक्ते घेऊन आली. दोघंही एकमेकांकडे न बघता सह्या करत बसलो. संपल्या तेव्हा सहाला दहा कमी.

उद्या: पत्रावरची तारीख बदलणे.