चौथ्या दिवसाची केळी

प्रिय वेन्डीबाय,

रविवारी फोन करते म्हणालीस. कुठल्या रविवारी ते म्हणाली नव्हतीस, एवढं खरं. म्हणून मी तुला खोटारडी म्हणत नाही, विसरभोळी म्हणते. पासपोर्ट घरी ठेवून विमानतळावर पोचलेली मुलगी तू, तुला आजी कुठून आठवणार? तेव्हा आधी ओळख करून देते. मी कॅनडात मार्कहॅमला राहते, तुझ्या बापाच्या घरात, पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी. उंचीने आखूड, जिभेने लांब. ओळख पटली असेल तर पुढे वाच.

अक्षर माझं नाही हे तुला दिसलंच असेल. मला कुठलं आलंय अक्षर! हे कृतिकाचं. आपल्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते ती संगमनेरची पोर. सकाळी कॉलेज, दुपारनंतर कॉफीचं दुकान, आणि मधल्या वेळात पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची, काळजी. मी बोलते, ती लिहिते. मध्येच माझं बोलणं सुधारायला बघते, ते मी चालू देत नाही. तू तिसरीपर्यंत वसईला मराठी शाळेत होतीस, तेव्हा अडखळत का होईना वाचशील. सावकाशच वाच. तेवढा वेळ मी तुझ्याजवळ बसल्यासारखी होईन.

पत्र ट्रेसीच्या हाती देतेय. आपल्या चर्चमधून तुमच्या त्या युगांडातल्या शेतीशाळेला बियाणं आणि पंपाचे सुटे भाग घेऊन ती निघालीय. नाताळच्या आधी पोचेल, जानेवारीच्या शेवटी परत येईल. तू तिथे गेलीस त्याला वर्ष होत आलं. आता नाताळला कायमची परत यायचं की आणखी एक वर्ष तिथेच राहायचं, हे तू अजून ठरवलं नाहीस, असं तुझा बाप म्हणतो. तुझ्या आईने तुझ्या खोलीचे पडदे धुऊन पुन्हा लावले, म्हणजे तिच्यापुरतं ठरलंय. माझं मत कुणी विचारलं नाही. मला मत आहे. पण ते शेवटी देईन, आधी दिलं तर तू बाकीचं वाचायची नाहीस.

इथे काल पहिला बर्फ पडला. तुझ्या बापाने, जेराल्डने, विंटर टायर लावायला उशीर केला आणि आता सगळ्या जगावर रागावून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतोय. मी खिडकीतून बघते. सकाळी ऊन येतं ते आधी टीव्हीच्या पायाशी पडतं, मग गालिच्यावरून सरकत माझ्या खुर्चीपर्यंत येतं, आणि पावलांवर आलं की माझा डोळा लागतो. झोप म्हणायची नाही ती. मला सगळं ऐकू येत असतं, फक्त मी इथे नसते. आज सकाळी अशीच बसले होते, तर समोरच्या घरांची छपरं पांढरी दिसत होती ती एकदम सोनेरी दिसायला लागली. बघते तर सगळ्या छपरांवर चटया अंथरलेल्या, आणि चटयांवर सोललेली केळी ओळीने ऊन खात पडलेली. अख्खी गल्ली मधासारख्या वासाने भरलेली. आणि तुझी ती नाकातो, फोनवर दाखवली होतीस ती, उंच, दातांत फट असलेली, डोक्यावर टोपली घेऊन अनवाणी बर्फातून चालत आली. पाय जराही ओले नाहीत. मला बघून हसली आणि पुढे निघून गेली. मी हाक मारणार, तेवढ्यात तुझ्या आईने पेज आणून ठेवली. बिनमिठाची. बिनमिठाची पेज समोर आली की कुठलंही स्वप्न मोडतं.

तुला आठवतं का, इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आपण दोघींनी बेसमेंटमध्ये सुकेळी करायला घेतली होती? तू आठ वर्षांची. वसईच्या घरी आपली केळी सुकवतात तशी इथेही सुकतील, असा माझा हिशोब. ऊन नव्हतं, म्हणून फर्नेसची गरम हवा जिथून येते त्या जाळीवर चटई मांडली. केळी सुकली नाहीत, शिजली. वास वर किचनपर्यंत गेला आणि तुझा बाप दोन दिवस मेलेला उंदीर शोधत होता. आपण दोघी त्याच्याबरोबर शोधत होतो, अगदी गंभीर चेहऱ्याने. मला वाटतं, तू शेतीच्या मागे लागलीस ती तिथून. एवढी शिकलीस, चांगली ऑफिसातली नोकरी मिळाली, ती सोडून केळीच्या देशात गेलीस. दोष माझा नाही, फर्नेसचा.

म्हणून तू जेव्हा फोनवर विचारलंस की आजी, इथे केळी इतकी येतात की पिकून वाया जातात, आपली सुकेळी यांना शिकवू का, तेव्हा मी इतकी फुगले की विचारू नकोस. तू केळीचा घड कॅमेऱ्यासमोर धरलास आणि मी लांबूनच म्हटलं, हीच राजेळी, आपली सुकेळीची जात. अंगाने मोठी, कडा असलेली, हिरवीगार. चष्मा टेबलावर होता, तो डोळ्यांवर घ्यायची मला गरज वाटली नाही. तुम्ही आठ दिवस त्या केळ्यांची सेवा केलीत आणि शेवटी झालं काय, तर चपलेचा तळवा. ती त्यांची उकडून खायची केळी, मटोके. आपल्या भातासारखी त्यांना रोजची. म्हणजे मी युगांडातल्या बायकांना भात उन्हात घालून त्याची मिठाई करायला सांगत होते. त्या बिचाऱ्या पाहुणी मुलगी सांगतेय म्हणून गप्प राहिल्या आणि मागे जाऊन पोट धरून हसल्या, हे तूच सांगितलंस. मग नाकातो तिच्या परसातली गोंजा घेऊन आली, भाजून खातात ती लांब केळी, आणि तुला म्हणाली, "तुझ्या आजीला ऊन कळतं, आमची केळी कळत नाहीत." तू मेसेजमध्ये लिहिलेलं हे वाक्य मी कृतिकाला दोनदा वाचायला लावलं. माझ्याबद्दल इतकं नेमकं अजून कुणी बोललेलं नाही, तुझे आजोबासुद्धा. तिला सांग, मी रागावले नाही. तिने छपराच्या वाशांवर मांडव करून वर केळी मांडायची युक्ती काढली, म्हणजे दुपारची सर आली की खाली ओढता येतात, ती मला आवडली. आमच्याकडे दिवाळीनंतर पाऊस नसतो, तेव्हा आम्हाला असलं काही सुचायचं कारणच नव्हतं.

आता एक गोष्ट, जी फोनवर सांगायची राहिली. सुकेळीला दिवसा ऊन लागतं तसं संध्याकाळी पांघरूण लागतं. सुकल्या पानांत गुंडाळून ठेवायची, म्हणजे आतला गोडवा हळूहळू बाहेर येतो. हे तुला येतं. पण आमच्या घरात आणखी एक रीत होती. जिने पहिली चटई मांडली तिनेच ती उचलायची, आणि उचलेपर्यंत गाव सोडायचं नाही. का, ते कुणाला माहीत नव्हतं. माझ्या सासूला विचारलं तर म्हणाली, केळी ओळखीचा हात मागतात. मी नुकतीच लग्न होऊन आलेले. त्या वर्षी मोठ्या हौसेने पहिली चटई मीच मांडली, आणि तिसऱ्याच दिवशी निर्मळची यात्रा. सगळं घर नटूनथटून यात्रेला निघालं. मी वाडीत केळ्यांची राखण करत. इतकी रुसले, इतकी रुसले की कावळे उडवायचेसुद्धा सोडून दिले. दुसऱ्या दिवशी सासूने यात्रेतल्या बांगड्या माझ्यासमोर ठेवल्या, मी बघितलंही नाही. मग तिने चटईवरचं एक केळं उचललं आणि माझ्या तोंडात घातलं. चौथ्या दिवसाचं. वरून सुकलेलं, आतून अजून मऊ, ना फळ ना खाऊ. ते बाजारात जात नाही, कुणी विकत नाही, मांडणारीलाच मिळतं. तसलं दुसरं काही मी आयुष्यात खाल्लं नाही. यात्रा पुढे कितीतरी बघितल्या, एकही धड आठवत नाही.

घरची बातमी म्हणशील तर बाकी सगळं ठीक. माझा पलंग आता खाली पुढच्या खोलीत आणलाय, जिन्याचं आणि माझं पटेनासं झालंय. चर्चला मी जात नाही, फादर स्वतःच प्रसाद घेऊन घरी येतात, म्हणजे माझा मान वाढला म्हणायचा. तुझी आई लुर्डस ग्रोसरीला गेली की दर थोड्या वेळाने फोन करते, आणि मी उचलला की काही नाही, सहज केला म्हणते. ह्या घरात हल्ली सगळेच सहज वागायला लागलेत.

कृतिका, थांबू नकोस, लिही.

आता माझं मत. ट्रेसी तिथे पोचली की तुझा बाप तुला फोन करेल आणि म्हणेल, आजी बरी नाही, निघ. तो खोटं बोलणार नाही. माझ्या काळजाची झडप जुनी झालीय आणि ह्या वयात तिला हात लावायला डॉक्टर तयार नाहीत. हिवाळा निघेल की नाही, ते त्यांनी जेराल्डला इंग्लिशमध्ये सांगितलं, मला कळणार नाही अशा समजुतीने. इतकी वर्षं ह्या देशात काढल्यावर मला तेवढं इंग्लिश कळतं, आणि मुलाचा चेहरा तर त्याहून कळतो. त्याला तेव्हाच फोन करायचा होता. ट्रेसी पोचेपर्यंत थांब, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. कशासाठी ते सांगितलं नाही. यासाठी, की तुला त्याच्याआधी मी भेटावं. त्याचा फोन आला की तू तिकीट काढशील. काढू नकोस, बाय. तिथलं कोरडं ऊन नाताळातच लागतं ना, तूच म्हणालीस. नाकातोच्या मांडवावर यंदाची पहिली चटई तू मांडणार आहेस. ती तूच उचल. त्या बायकांचं तुझ्यावाचून अडेल म्हणून नाही, त्या तुझ्याहून चांगली करतील. मांडलेलं टाकून माझ्या उशाशी येऊन बसलीस, तर मला बघायला मिळेल ते तुझं रडकं तोंड. ते मी लहानपणी खूप बघितलंय. माझ्या खिडकीतून मला छपरावरची केळी बघायची आहेत. त्यानंतरचं वर्ष तुझं तू ठरव, त्यात माझी लुडबुड नाही. आणि हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, विचारशील. दोन वाक्यं बोलले की मला धाप लागते, ती तू ऐकली असतीस. हे पत्र कितीतरी दुपारी थांबत थांबत झालंय. पण कृतिकाच्या अक्षरात मला धाप लागत नाही. बघ ना, किती लांब लांब बोलतेय मी.

तुझीच,
आजी

(सही म्हणून खाली केळीचं पान काढलंय. कृतिका म्हणते पापलेटसारखं दिसतं. तुला जे वाटेल ते समज.)

ता. क. ट्रेसी निघेल तेव्हा पुरती सुकलेली सुकेळी घरच्यांसाठी पाठव, नीट पानांत बांधून. माझ्यासाठी ती नकोत, तेवढा दम मला नाही. माझ्यासाठी चौथ्या दिवसाची दोन-चार, आतून मऊ असलेली, वेगळी बांध आणि ट्रेसीला हातातल्या पिशवीत ठेवायला सांग. वाटेत थोडी आंबली तरी चालतील. आणि पुडी माझ्या हाती पडेल की नाही, ह्या विचाराने पाठवायची राहू नकोस. मी नसले तर कृतिका खाईल, तिला सांगून ठेवलंय चव कशी असते ते. विसरू मात्र नकोस.