भोवऱ्याची बाजू

रविवार, संध्याकाळ

आज पंचवटीतल्या कॉमिकवाल्यांच्या बैठकीत मी तोंड उघडलं एकदाचं. याआधी तीन रविवार बागेतलं काम उरकून दिंडोरीहून बसने गेले आणि नुसतं ऐकून परत आले. आज विषय होता, आपल्या सुपरहिरोच्या कॉमिकमधला सगळ्यात भारी व्हिलन कोण? सगळे भस्मराजच्या बाजूने. का, तर त्याने तीन शहरं जाळली.

मी म्हणाले, "भस्मराजपेक्षा भोवरा लय भारी हाय."

कोणीतरी हसलं. भोवऱ्याला नाही, माझ्या 'लय'ला. घरी असं बोलताना कधी लाज वाटली नाही, मग तिथे का वाटावी? मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले, जरा सावकाश.

ग्रुप चालवणारा अनिरुद्ध म्हणाला, "अहो, भोवरा पाचच अंकांत संपला."

"संपला, पण तो हिरोचा दोस्त होता. पूल पडला तेव्हा हिरोनं सगळ्यांना वाचवलं आणि यालाच विसरला. भस्मराजचा नुसता राग येतो. भोवऱ्याचं म्हणणं पटतं, म्हणून त्याची भीती वाटते."

यावर कोणी हसलं नाही. मघाचं ते हसू मात्र अजून टोचतंय, खोटं कशाला लिहू.

मतं घेतली तर भस्मराजच जिंकला. भोवऱ्याला तीन मतं, त्यातलं एक अनिरुद्धचं. निघताना तो म्हणाला, "पुलाचा अंक माझ्याकडे नाही. द्याल वाचायला?"

"घरी न्यायला नाय देणार," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी आणते. माझ्यासमोर बसून वाचा."