चक्कीवरची कोठी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातलं निम्मं चारचौघांत वाचण्यासारखं नाही. तरी लिहायला बसले आहे. लाइट गेली आहे, चक्की बंद आहे, दळणाचे डबे रांगेत ठेवून बाया घरी गेल्या आहेत. हो, तुझी चक्की आता मीच चालवते. सासर गावातच दिलंस त्याचा हा एक फायदा.

तू मला अजून तिथेच दिसतेस. पदर कमरेला खोचलेला, भुवया पिठानं पांढऱ्या, एक हात चक्कीच्या तोंडाशी. कुणाच्या घरची चूल मंदावली ते गावाआधी चक्कीला कळतं, असं तू म्हणायचीस. भरून येणारा डबा अर्धा व्हायचा, मग पाव, मग यायचाच नाही. एकदा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं रांगेतल्या बाईच्या डब्याचं झाकण उचललं आणि एवढ्याशा दाण्यांसाठी चक्की लावायची का, म्हणून हसला. तू चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणालीस, "दादा, तुमना डबा भरेल शे ना? मंग दुसराना डबामा काय दखी ऱ्हायनात?" त्यानंतर तो कधी स्वतः आला नाही, दळण घेऊन गडी पाठवायला लागला. त्या बाईचा डबा मात्र आणताना होता त्यापेक्षा जाताना जड होता. तिला ते घरी गेल्यावरच कळलं असणार. तू असं किती जणींना दिलंस ते मी मोजलं नाही, आणि तू तर नाहीच मोजलंस.

आता गावात धान्याची कोठी झाली आहे. पोरांनी मनापासून केली. सुगीला घरोघर फिरून गहू, दादर ज्वारी, तूरडाळ गोळा केली आणि मंदिराच्या सभामंडपाशेजारच्या खोलीत कप्प्यांच्या पत्र्याच्या कोठीत भरून ठेवली. ज्याला गरज असेल त्यानं न्यावं. पण खोलीचं दार पारासमोर. पारावर दिवसभर माणसं बसलेली, त्यांना दुसरा उद्योग नाही, आणि वाटप झालं की पोरं मोबाइलवर फोटो टाकणार. कोण येईल? आपल्याकडची बाई उपाशी झोपेल, पण पिशवी घेऊन पारासमोरून जाणार नाही. गव्हाला किडे लागले तेव्हा पोरं म्हणाली, गावात गरजू कुणी उरलाच नाही वाटतं. मला हसू आलं आणि रागही आला.

कारण मला एक डबा यायचा बंद झालेला दिसत होता. तोरणमाळकडून केळीच्या कामाला उतरलेलं एक कुटुंब तापीकाठच्या मळ्यात राहतं. नवरा केळीचे घड वाहताना पडला, पाय मोडून बसला. दोन लहान पोरं. रेशनकार्ड वर डोंगरात, सासऱ्याच्या नावावर. ते धान्य आणायला चढायचं तर दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडं वेगळं. त्या बाईचा डबा पाव झाला होता, मग दिसेनासा झाला. मी तिच्या पोराला सांगून पाठवलं, चक्कीवर ये, मशीन साफ केलंय, थोडं दळून बघायचं आहे. ती मूठभर मका घेऊन आली. मी तुझ्यासारखंच केलं. नजर दुसरीकडे ठेवून डब्यात भरपूर पीठ सोडलं आणि झाकण लावलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, माय. तू बघत असशील असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती फडक्यात पीठ बांधून घेऊन आली. दुसऱ्या कुणाचं तरी आपल्या डब्यात आलं, असं तिला वाटलं होतं. जास्तीचं सगळं परत. मी म्हटलं, अगं, ते तुझंच आहे, मीच घातलं. तेव्हा तिनं फडकं माझ्यापुढे ठेवलं. माझ्याकडे सरळ बघून, तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, "देनं व्हई ते हातमा दे, बहिन. दपाडीसन नको दे." लपवून दिलेलं तिला नको होतं. त्यांच्या पाड्यात एकमेकांच्या शेतात कामाला जातात, दाणे संपले तर शेजारून उघड आणतात आणि पीक आलं की उघड भरतात, त्यात कुणी मान खाली घालत नाही, असं तिनं सांगितलं. मी ओशाळले. तुझी पद्धत चुकली असं मी म्हणत नाही. पण तिच्यापुढे ती पुरली नाही.

मग मी पोरांना बोलावून चांगलंच खडसावलं आणि कोठी उचलून चक्कीवर आणायला लावली. इथे सगळ्याच बाया डबा घेऊन येतात आणि डबा घेऊन जातात, कुणाचं कुठलं ते कुणाला कळत नाही. दळायला येणारी डबा रांगेत ठेवण्याआधी कोठीत ओंजळभर दाणे टाकते. जिला लागेल ती स्वतःच्या हातानं काढून घेते, आणि जमेल तेव्हा भरते. पहिले काही दिवस कुणी हात लावला नाही. मग त्याच बाईनं सगळ्यांसमोर कोठी उघडली, माप भरून घेतलं आणि बसून उरलेल्या गव्हातले किडे पाखडून काढले. तिच्यामागून एक विधवा आली, मग एक म्हातारी, जिच्याबद्दल मलासुद्धा माहीत नव्हतं. आता कोठी कधी खाली असते, कधी वर येते, पण किडे लागण्याइतकं धान्य तिच्यात राहत नाही. त्या मळ्यातल्या बाईचा नवरा काठी टेकत चालायला लागला आहे. मिरचीच्या हंगामात ती नंदुरबारला कामाला गेली, आणि परतल्यावर पहिलं माप तिनं कोठीत ओतलं.

परवा आमच्याकडे अचानक पाहुणे आले. घरातलं दळण संपलेलं, शेतातली ज्वारी अजून खळ्यात. ती मळ्यातली बाई चक्कीवरच होती. म्हणाली, "कोठीमाईन ली जा ना." कोठीतून ने, इतकं सहज म्हणाली. आणि माय, चक्कीवर कोठी मी मांडली, सगळ्या गावाला शहाणपण मी शिकवलं, पण झाकणाला हात लावण्याआधी मी मागे वळून दार बघितलं, कुणी येत तर नाही ना. तू समोर असतीस तर हे सांगितलं नसतं.