वीतभर इंजिनाची वाटणी

सगळ्यात आधी आली ती सून. हातात केळी, डोळ्यांत पाणी. तिच्या मागून मुलगा. तो चपला काढायला इतका वेळ लावत होता, जणू एकेका चपलेला दहा-दहा बंद आहेत. शेवटी काठी टेकत मास्तर, आमच्या ह्यांचे मित्र, मला बेचाळीस वर्षं वहिनी म्हणणारे. मास्तरांच्या अंगावर आज शाल नव्हती. मी आधी तेच पाहिलं. शालीचं काय ते पुढे येईल.

आत्ताच गेले सगळे. कप अजून विसळायचे आहेत. पण राग ताजा आहे तोवर लिहिते, कारण माझा राग टिकत नाही, ही माझी जुनी खोड.

तर मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास (पाचवीत दोन महिने बसले होते, तेही धरा), लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी जोरजबरदस्ती केलेली नाही आणि मी नशापाणी केलेलं नाही. हे शेवटचं वकील म्हणाला म्हणून लिहिलं. चहा धरत नाहीत ना, असं विचारून घेतलं. माझे हात थरथरतात, म्हणून अक्षर असं. डोळ्यांना कमी दिसतं. या दोन्ही गोष्टी मला माहीत आहेत. त्या मला माहीत नाहीत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच हा कागद. याआधीचं काही लिहिलेलं सापडलं तर ते रद्द, वाण्याची यादी सोडून.

कलम एक. हे घर मुलाला आणि सुनेला निम्मं-निम्मं. मुलाला एकट्याला दिलं तर तो स्वयंपाकघर तोडून हॉल मोठा करील, म्हणून निम्मं तिचं. बँकेत असेल तेही तसंच.

कलम दोन. शिलाई मशीन सुनेला. खोटं तीही बोलली, पण रडली सगळ्यात आधी ती. मशीनला महिन्यातून एकदा तेल घालायचं. घालीन म्हणून न घालणं म्हणजे पुन्हा खोटंच.

कलम तीन. हे मोठं आहे, दम खाऊन वाचा.

मागच्या खोलीतली छोटी रेल्वे आमच्या ह्यांची. ते घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे बारीक कामाची हौस. इंजिन माझ्या अंगठ्याएवढं. रूळ, बोगदा, तीन स्टेशनं त्यांनी केली. झाडं मी लोकरीची केली, डब्यांच्या खिडक्यांना पडदे शिवले. शिवताना बोटात घालायचं माझं अंगुस्तान पालथं घालून पाण्याची टाकी झाली. शर्टाचं बटण म्हणजे फलाटावरचं टेबल. नियम ह्यांचा: गाडी सुटणार फक्त मंगळवारी, चार वाजता. इतर दिवशी नुसती धूळ पुसायची. "रोज सुटली तर तिला कोण भाव देईल?" म्हणायचे. हे गेले, तरी मंगळवार चुकला नाही. मी गाडी चालवायची, मास्तर समोर बसून बघायचे, मुलगा-सून चहाला यायची.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून वेगाचं बटण जास्त फिरलं आणि ह्यांचं इंजिन वळणावरून थेट फरशीवर. मुलाने ते नीट करून आणलं. "काही झालं नाही गं आई," म्हणाला. पुढच्या मंगळवारी गाडी कशी लोण्यासारखी चालली! मला वाटलं, हात सुधारले. इस्त्रीवालीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरलासुद्धा सांगितलं की बघा, अजून गाडी चालवते.

मग मागच्या महिन्यात पंखा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन आला. शनिवार होता. पोरगा गुणी, म्हटलं, बस, तुला गाडी दाखवते. ह्यांचा नियम पहिल्यांदा मोडला. बटण फिरवलं. गाडी ढिम्म. पूर्ण फिरवलं. ढिम्मच. तो टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वर येईना.

"आजी, तुमच्या बटणाची तार कापलेली आहे."

"उंदराने?"

"उंदीर वर टेप नाही लावत. टेपवर धूळही बसलीय. जुनं काम आहे हे. आणि दुसरी तार त्या खुर्चीकडे गेलीय."

ती खुर्ची मास्तरांची.

मी कोणाला काही बोलले नाही. मंगळवारी नेहमीसारखी बसले. मास्तर नेहमीसारखे मांडीवर शाल घेऊन बसले, गुडघे धरतात म्हणून. दोन्ही हात शालीत. मी बटण मुद्दाम शून्यावर आणलं. गाडी झुकझुक करत पुढे! सून म्हणाली, "आई, किती छान चालवता हो!" आणि मास्तर, देवाशपथ सांगते, मास्तर मला रागावले: "वहिनी, वळणावर वेग कमी करा!"

स्वतः चालवायचं आणि मला रागवायचं. दोन वर्षं. म्हणजे शंभरावर मंगळवार. लहान मूल रडू नये म्हणून हातात खेळण्यातलं चाक देतात, तसं मला ते बटण दिलेलं. घरात ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

म्हणून ते कापलेल्या तारेचं बटण मी मास्तरांना देते. टेपसकट. त्यांनी ते शालीत गुंडाळून ठेवावं.

कलम चार. त्या दिवशी घरी बसून रडले असते तर मी कसली. रिक्षा केली आणि खेळण्यांच्या मोठ्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का?" म्हटलं, "माझ्यासाठी. डोळे गेले, हात गेले, हौस कुठे गेली?" त्याने मोठ्या मापाची गाडी काढली. वीतभर इंजिन! डबा कसा, पावाच्या लादीएवढा. डोळे मिटून चाक रुळावर बसवलं आणि ते बसलं. हाताला कळतं हो, खट्ट. मला तिथे दुकानातच हसू फुटलं.

मोठी गाडी आणायची तर रुळांभोवती मांडलेल्या गावाला कात्री लावावी लागते. खोली तेवढीच. तीन स्टेशनांचं एक झालं, बोगदा गेला. झाडं पुन्हा विणली, हातभर उंच. अंगुस्तान आता टाकी नाही, फलाटावरची बादली आहे. शर्टाचं बटण टेबल नाही, ताटली आहे. ह्यांचं स्टेशन टाकवेना, ते वरच्या फळीवर ठेवलं. खालून बघितलं तर लांबच्या गावासारखं दिसतं. अंगठ्याएवढं इंजिन तिथेच उभं आहे. हे दोन्ही मुलाला. फळी हलवायची नाही.

कलम पाच, आजचं. छोटी गाडी आवरली एवढंच फोनवर सांगितलं होतं, म्हणून शुक्रवार असून तिघं धावत आले आणि दारातच थबकले. मी मोठी गाडी सोडलेली, माझ्या हाताने, माझ्या बटणाने. कापलेली तार चहाच्या ट्रेमध्ये ठेवली होती.

मुलगा म्हणाला, "आई, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट वाटायचं ते माझं मला वाटू दिलं असतंस. तेवढं तरी माझं होतं."

मास्तर म्हणाले, "वहिनी, माझ्या मित्राला शब्द दिला होता, त्याचं इंजिन सांभाळीन म्हणून."

"इंजिन सांभाळायचा दिला होतात. मला खेळवायचा नाही."

मास्तरांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. त्यांना असं मी ह्यांच्या अंत्यसंस्काराला पाहिलं होतं. मला त्यांची दयाही आली आणि ती आल्याचा रागही आला. तेवढ्यात गाडीचा शेवटचा डबा वळणावर घसरून आडवा झाला. मी फलाटावरची बादली सरळ करत होते, मला दिसलं नाही असं त्यांना वाटलं. सून हळूच वाकली, डबा रुळावर ठेवला आणि काही झालंच नाही असा चेहरा केला. मुलाने ते पाहिलं. मास्तरांनीही. कोणी बोललं नाही. तार अजून ट्रेमध्येच होती!

सवय आहे ती. माझ्यावर माया करायची त्यांना दुसरी तऱ्हाच येत नाही बहुतेक. पण मला ती नको.

कलम सहा. म्हणून मोठी गाडी, वीतभर इंजिन, सगळे रूळ आणि मंगळवारचा चारचा मान मी आज कोणाच्या नावावर लिहीत नाही. त्यांच्या पाठीमागे मी तो शेवटचा डबा पुन्हा आडवा करून ठेवला आहे, वळणावर, दारातून दिसेल असा. पुढच्या वेळी जो कोणी आत येऊन मोठ्याने म्हणेल, "तुझी गाडी पडलीय," किंवा "तुमची पडलीय," आणि हात मागे ठेवून मला उचलू देईल, गाडी त्याची. मास्तर म्हणाले तर मास्तरांचीसुद्धा. नाव या कागदाच्या मागे मी लिहीन, हेच साक्षीदार पुन्हा सह्या करतील. कोणीच म्हणालं नाही तर गाडी कोपऱ्यावरच्या बालवाडीला. तिथली पोरं तरी तोंडावर सांगतील.

साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणतो, म्हणून इलेक्ट्रिशियनला आजच पोटभर चहा आणि केळी दिली.

लिहून देणार: मुलाची आई, सुनेची सासू, मास्तरांची वहिनी, आणि गाडीची चालक. (सही)

साक्षीदार एक: इलेक्ट्रिशियन, ज्याने टेबलाखाली पाहिलं आणि खरं सांगितलं. (सही)

साक्षीदार दोन: इस्त्रीवाली, जिच्यापुढे मी दोन वर्षं बढाई मारली आणि जी आज हसली नाही. (सही)

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळ. दिनांक बारा, शुक्रवार, संध्याकाळचे सहा.

जाताना तिघंही म्हणाले, येतो. मंगळवारी, सोळा तारखेला, चार वाजता. डबा तोवर आडवाच आहे.