मनगटावरचं लाल रबर

११ एप्रिल, शनि.
देवकाकांकडे बैठक. मिहीरचं उत्तर बरोबर. पुन्हा.
नियम तोच. विंटल या इंग्रज डिटेक्टिव्हच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लाल रबर लावून बंद. ज्याने त्याने खुनी कोण ते तोंडाने सांगायचं, मग काका रबर काढणार आणि मोठ्याने वाचणार. ज्याचं बरोबर, रबर त्याच्या मनगटावर. वर्षभर हा खेळ मी आणि केतकी खेळलो. आता तिने हा मिहीर आणलाय. पुण्याचा, कार कंपनीत इंजिनिअर, येऊन दोन महिने नाही झाले. रबर घालून मिरवतोय.
मी म्हटलं होतं सेक्रेटरी. केसांचा भांग बघितला की कळतं असला माणूस. निघाली विधवा बहीण.
काका हसले. "ओंकार, तू खुनी शोधत नाहीस रे. तुला न आवडणारा माणूस शोधतोस."
केतकी पण हसली. मिहीरकडे बघून.

१४ एप्रिल
कामावर, टायरच्या शॉपवर, हिवाळ्याचे स्नो टायर काढायची रांग. पाठ गेली. बाबांचा फोन: "सेमिस्टरची फी भरू का, शेवटचं विचारतोय." मी ठेवून दिला. मग वाईट वाटलं. परत नाही केला.
केतकीला कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला जॉब मिळाला. तिने सांगितलं नाही, ग्रुपवर टाकलं. खाली पहिला मिहीरचा मेसेज. तिकडे बे एरियात त्याचे म्हणे खूप मित्र आहेत. असतीलच!

१८ एप्रिल, शनि.
विंटलच्या सेटमधलं शेवटचं पुस्तक दिलं काकांनी. विंटल रिटायर व्हायला आलाय. पाय दुखतात, गावात पाऊस, त्यात लॉर्डसाहेब लायब्ररीत मेलेले. आधी केतकी वाचणार, मग मिहीर, मग मी. मी शेवटी. का? "तू पानं काळी करतोस म्हणून," ती म्हणाली. ग्रीस निघत नाही नखांतून, काय करू.
पुढच्या शनिवारी निकाल. त्यानंतरच्या शनिवारी तिचं फ्लाइट. म्हणजे बोलायचं तर याच दोन आठवड्यांत. पण काय बोलणार? कॉलेज सोडलेला टायरवाला, आणि तो...
विंटल इतक्या पुस्तकांत पोस्टातल्या मिस हार्करला एक शब्द बोलला नाही. दर वेळी जातो, तिकिटं घेतो, येतो. गाढव. मी चिडतो म्हणून केतकी म्हणायची, "अरे, तिला माहितेय ते." कसं माहीत असेल, सांगितल्याशिवाय?

२३ एप्रिल
पुस्तक मिहीरने शॉपवर आणून दिलं. वर सल्ला: "यार, एक हिंट देऊ?" म्हटलं, टायरमध्ये हवा भरायची असेल तर थांब, नाहीतर निघ. बॉस बघत राहिला.

२४ एप्रिल
लंच ब्रेकमध्ये रबर काढलं.
आधी हात घासघासून धुतले. ठसे नकोत. वाचलं. जसं होतं तसं परत लावलं, गाठीसकट.
माझा संशय लंडनच्या वकिलावर होता. गुळगुळीत माणूस. तो नाही. मिसेस ॲबट! पुस्तकभर सगळ्यांना केक भरवणारी म्हातारी. मी तिच्यासाठी हळहळत होतो.
असो. उद्या बघू, रबर कुणाच्या मनगटावर जातं.

२५ एप्रिल, शनि.
मिहीर: पुतण्या. केतकी: डॉक्टर. काका चष्मा पुसत माझ्याकडे वळले. "आणि आपले सेक्रेटरीद्वेष्टे?"
"मिसेस ॲबट."
काकू चहा ओतता ओतता थांबल्या. "अगंबाई, ती केकवाली?"
काकांनी वाचलं. माझंच बरोबर. मिहीर उठून टाळ्या वाजवायला लागला, मनापासून. त्याचा तर जास्तच राग आला. काकांनी स्वतः रबर घातलं मला. "शिकलास रे!" त्यांच्याकडे बघवेना.
केतकी टाळी न वाजवता बघत होती.
चपला घालताना गॅरेजमध्ये गाठलं तिने. "तू रबर काढलंस."
"पुरावा?"
"तूच. तुला खायला घालणाऱ्या बाईवर तू संशय घेशील, ओम्या? जन्मात?"
मी चपलेचा पट्टा ओढत राहिलो.
"मिहीरला हरवायला?"
"हो."
"एवढंच?"
काकूंनी वरून हाक मारली, डबे न्या म्हणून. ती गेली.

२६ एप्रिल
सकाळी काकांना फोन केला. सांगून टाकलं. ते म्हणाले, "काल पहिल्यांदा वाटलं होतं, तू माणसं बघायला लागलास. रबर राहू दे तुझ्याकडे. टोचू दे."
टोचतंय.
केतकीचा मेसेज: "मोटिव्ह सांगू नकोस. मी ओळखून दाखवते. शनिवारी एअरपोर्टला सोडशील? गाडीत सांगेन. फक्त आपण दोघं असलो तर. तिसरा असेल तर नाही."
तिसरा कशाला असेल? कोण बोलावणार त्याला?

२९ एप्रिल
मिहीर ग्रुपवर: "शनिवारी मी पण येतो, बॅगा जड आहेत." केतकीने खाली अंगठ्याचा इमोजी टाकला. नुसता अंगठा. म्हणजे काय?
तीनदा "नको येऊस" लिहिलं, तीनदा पुसलं.

२ मे, शनि.
तिच्या बिल्डिंगखाली. लवकर आलोय. गाडी व्हॅक्यूम केली, पुढची सीट पुसली. मागच्या सीटवर मुद्दाम जुने टायर टाकले होते, कुणाला बसता येऊ नये म्हणून. मग लाज वाटली. काढून डिकीत टाकले. आता बॅगा कुठे ठेवणार? मूर्ख. तेही बाहेर काढले, फुटपाथवर ठेवलेत.
रबर मनगटावरच आहे.
मिहीर जिना उतरतोय, दोन्ही हातांत तिच्या बॅगा. जॅकेट घातलंय, म्हणजे येतोय? पण गारठा आहे, जॅकेट सगळेच घालतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही. मागे केतकी, काखेत विंटलचं पुस्तक. काकांनी दिलेलं दिसतंय.
ती काचेवर टकटक करतेय. "वही ठेव, पुढचं दार उघड!"
मिहीरने डिकी आपटली. मागचं दार अजून उघडलेलं नाही.