शेवटचा सूर थांबेपर्यंत

दि. २ मार्च

तीर्थरूप दादांस, धाकटीचा सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा सुधारला हे वाचून आनंद झाला. आता रेडिओवर राष्ट्रगीत लागले की काठीवाचून ताठ उभे राहता येईल!

काळजी आपल्या मधल्या भावाची, भात्याची आहे. अग्निशमन दलात इतकी वर्षे धूर गिळून त्याची फुफ्फुसे चाळणी झाली आहेत. बॅगपाइपला तोंडही लावू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तरी दलाच्या स्मृतिदिनी राष्ट्रगीत तो एकटा, पूर्ण वाजवणार म्हणे. जिना चढताना मध्येच बसतो, असे वहिनीने कळवले आहे. तो तुमचा शब्द मोडणार नाही. तेवढा एक शब्द टाका.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुमची धाकटी

दि. ९ मार्च

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. भात्याशी बोललो. त्याचे म्हणणे असे की, ज्या आगीत त्याचे सोबती गेले तिच्यातून तो एकटा बाहेर आला. तेव्हा त्यांच्यासाठी वाजवणे दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. जाणत्या माणसाला स्वतःच्या देहाविषयी सल्ला देता येतो, मनाई करता येत नाही. म्हणून मी मनाई केली नाही.

शिवाय या वाद्यात फुंकर थांबली तरी पिशवीतल्या हवेवर सूर चालू राहतो. गेल्या वर्षी एक पाहुणे चाल संपताच बसले. नळ्या घुमतच होत्या. मी त्यांना पुन्हा उभे केले. राष्ट्रगीत चालीबरोबर नव्हे, सुराबरोबर संपते. त्यावर भाता हसून म्हणाला होता की, दादा सरणावरूनही उठून उभा राहील.

घरी सर्वांस यथायोग्य सांगावे. स्नेह असू द्यावा.
दादा

दि. २१ मार्च

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

तार मिळाली असेल. भाता कसा गेला, ते माझ्याकडूनच तुला कळले पाहिजे.

शेवटच्या ओळीत तो कोसळला. पिशवी अंगाखाली आली आणि नळ्या वाजतच राहिल्या. सारे मैदान सावधान स्थितीत होते. तुझी वहिनी धावली. मी पहिल्या रांगेतून हात उचलला आणि ती थांबली. आवाज विझला, तेव्हाच आम्ही हललो.

मधल्या वेळात तो वाचला असता काय, असे डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की, तसे सिद्ध करता येत नाही, खोडताही येत नाही. वहिनी मात्र एवढेच म्हणाली की, तो सूर गाण्याचा नव्हता, माझ्या माणसाच्या वजनाचा होता.

तिच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परतलो. लोभ असावा असे लिहिण्याचा अधिकार उरला आहे की नाही, ते तू ठरव.
दादा

दि. २८ मार्च

तीर्थरूप दादांस सा. न. वि. वि.

मी वहिनीजवळ आहे. ती रडत नाही, जेवतही नाही. पिशवी अजून कोपऱ्यात पडली आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. तुमचे पत्र तिला वाचून दाखवले. मग म्हणाली की, दादांना येऊ दे. पण दारात ताठ उभे राहायचे नाही, माझ्याजवळ जमिनीवर बसायचे.

गुडघा दुखेल. तरी या.
धाकटी